पाचशे मीटर

१९९९च्या उन्हाळ्यात आमच्या गावची सार्वजनिक विहीर आटली, तेव्हा शेजारच्या मळ्यातला बोअर मात्र चालू होता. मळेवाल्याचे म्हणणे एकच: जमीन माझी, पाणी माझे. या बोलण्याचे मूळ पुढे मला १८८२च्या सुविधाधिकार कायद्यात सापडले. ठरावीक प्रवाहातून न वाहणारे जमिनीखालचे पाणी आपल्या हद्दीत घेण्याचा मालकाचा हक्क त्याच्या सातव्या कलमात उदाहरण म्हणून दिला आहे. त्याआधी, १८४३ व १८५९ साली, इंग्लंडातल्या निवाड्यांनी हेच धरले होते. भूगर्भातले पाणी कसे वाहते ते कळत नाही, म्हणून ते मालकाचे! अज्ञानावर उभा राहिलेला असा हक्क मी दुसरा पाहिलेला नाही.

त्याला महाराष्ट्रात मुरड घातली १९९३च्या भूजल अधिनियमाने, आणि तीही पिण्याच्या पाण्यापुरती. सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत, त्याच पाणलोटात, परवानगीवाचून नवी विहीर घ्यायची नाही. बोअरही त्यात आला. टंचाईक्षेत्र जाहीर झाले की जुन्या विहिरींच्या उपशावरही निर्बंध घालता येत.

मळ्यातला बोअर १९९८चा. अंतर मी टेपने मोजले: ३४० मीटर. परवानगीचा कागद नव्हता. ग्रामसभेत मी कलम वाचून दाखवले. तक्रारीवर पहिली सही कोणाची, एवढ्यावर सभा उठली. मळेवाला आमच्याच भावकीतला. सही मीही केली नाही.