राजवाडे, विश्वनाथ काशीनाथ
(१८६३–३१ डिसेंबर १९२६). मराठ्यांच्या इतिहासाचे संशोधक, भाषाभ्यासक व स्थलनामांचे व्यासंगी. जन्म वरसई (जि. रायगड) येथे. बी.ए. (१८९१) झाल्यावर त्यांनी कागदपत्रांच्या शोधार्थ गावोगाव भ्रमंती केली. मराठ्यांच्या इतिहासाची साधने या ग्रंथमालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला. १९१० मध्ये त्यांनी पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापिले. त्यांचे निधन धुळे येथे झाले.

लिखित साधने जेथे संपतात, तेथे स्थलनामे हाच पुरावा मानावा, ही त्यांची भूमिका होती. बायबलच्या भूगोलाचे अमेरिकन अभ्यासक एडवर्ड रॉबिन्सन (१७९४–१८६३) यांनी १८३८ च्या पॅलेस्टाइन प्रवासात हीच दृष्टी ठेवली होती. लोकांच्या तोंडी असलेल्या अरबी नावांत जुनी हिब्रू नावे टिकून आहेत, हे ओळखून त्यांनी ‘अनाता’ हे खेडे म्हणजेच बायबलमधील अनाथोथ, असे ठरविले. रॉबिन्सन यांच्यापुढे निश्चित धर्मग्रंथ होता. राजवाडे यांना मात्र पाणिनीचे व्याकरण, पुराणे आणि ग्रामनामे यांची सांगड घालावी लागली. महाराष्ट्राचा वसाहतकाल या लेखनात त्यांनी आर्यांची दक्षिणेतील वसाहत पाणिनीनंतरची मानली. त्यांनी संपादिलेल्या महिकावतीची बखर (१९२४) या ग्रंथाची प्रस्तावना उत्तर कोकणातील वसाहतीचा विचार करते.

या पद्धतीला मर्यादा आहेत. केवळ ध्वनिसाम्यावर बसविलेली व्युत्पत्ती फसवी ठरू शकते. राजवाड्यांच्या अनेक व्युत्पत्ती आज ग्राह्य मानल्या जात नाहीत. शिवाय नाव हे ते देणाऱ्या समाजाची भाषा सांगते. तेथील पहिल्या रहिवाशांची सांगेलच असे नाही. गिरणाकाठचे बहाळ (जि. जळगाव) आणि तापी-गोमाई संगमावरील प्रकाशे (१९९८ पर्यंत धुळे, त्यानंतर नंदुरबार जिल्हा) येथे १९५० नंतरच्या दशकात उत्खनने झाली. त्यांत इ. स. पू. दुसऱ्या सहस्रकातील ताम्रपाषाणयुगीन वस्त्या उजेडात आल्या. त्या लोकांची भाषा अज्ञात आहे. पॅलेस्टाइनमध्येही रॉबिन्सन यांना प्राचीन नगरांच्या टेकाडांचे महत्त्व उमगले नव्हते. ते उत्खननांनीच पुढे स्पष्ट झाले.

तथापि सामान्य खेड्याचे नावही इतिहासाचे साधन होय, हा विचार महाराष्ट्रात रुजविण्याचे श्रेय मुख्यतः राजवाड्यांकडे जाते. त्यांच्या स्मरणार्थ १९२७ मध्ये धुळे येथे राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले. त्यांचे दप्तर या मंडळाने जतन केले आणि राजवाडे धातुकोश (१९३७) व राजवाडे नामादिशब्द-व्युत्पत्तिकोश (१९४२) हे ग्रंथ प्रसिद्ध केले.