बिस्किटांचा पुडा आणि खरी कमाई

अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात मस्कोगी नावाचे गाव आहे. १९१७ साली तेथील 'मिसलटो' नावाच्या बालिका-पथकाने कुकीज, म्हणजे आपल्या भाषेत गोड बिस्किटे, भाजून शाळेच्या उपाहारगृहात विकली. ज्युलिएट गॉर्डन लो यांनी जॉर्जिया राज्यातील सव्हाना येथे १२ मार्च १९१२ रोजी स्थापिलेल्या गर्ल स्काउट संघटनेला तेव्हा जेमतेम पाच वर्षे झाली होती. आज या बिस्किटांचे सुमारे वीस कोटी पुडे दरवर्षी खपतात. आपल्या मंडळाच्या सभासदांपैकी ज्यांची मुले-सुना त्या देशी स्थायिक झाली आहेत, त्यांना जानेवारी ते एप्रिलच्या दरम्यान पथकाचे जाकीट घालून पुडे विकणाऱ्या नातींची छायाचित्रे परिचयाची असतीलच.

या विक्रीचा पहिला लेखी हिशेब मोठा बोलका आहे. जुलै १९२२ मध्ये संघटनेच्या 'द अमेरिकन गर्ल' या मासिकात शिकागोच्या संचालिका फ्लॉरेन्स नील यांनी एक कृती प्रसिद्ध केली. सहा ते सात डझन बिस्किटांना लागणाऱ्या साहित्याचा खर्च त्यांनी २६ ते ३६ सेंट धरला होता आणि एका डझनाचा विक्रीदर २५ ते ३० सेंट सुचविला होता. ज्याचे आयुष्य हिशेब तपासण्यात गेले आहे, त्याची बोटे हे आकडे वाचून आपोआप चालू लागतात. एक डझन विकले की साहित्याचा बहुतेक खर्च निघाला, उरलेले पाच-सहा डझन म्हणजे निव्वळ शिल्लक. कणीक मुलीच मळत, मेणकागदाच्या पिशवीत बिस्किटे त्याच भरत आणि शेजारच्या दारावर थापही त्याच मारीत. आईची भट्टी आणि आईचा वेळ मात्र हिशेबात कोठेच धरलेला नव्हता. गृहिणीच्या श्रमाची नोंद न करण्यात अमेरिका आपल्याहून फारशी वेगळी नव्हती!

पुढची वाटचाल झपाट्याची आहे. १९३३ साली मंदीच्या ऐन भरात फिलाडेल्फियाच्या मुलींनी शहरातील गॅस व वीज कंपनीच्या दर्शनी खिडक्यांत बिस्किटे भाजून ४४ नगांचा पुडा २३ सेंटला विकला. म्हणजे डझनाला सव्वासहा सेंट. अकरा वर्षांत भाव चौथ्या हिश्शावर आला होता. दुसऱ्याच वर्षी त्यांनी बेकरीत तयार झालेला माल घेतला आणि १९३६ पासून मध्यवर्ती संघटनेने व्यापारी बेकऱ्यांना परवाने देण्यास आरंभ केला. महायुद्धात साखर, मैदा व लोणी दुर्मिळ झाले, तेव्हा १९४४ मध्ये मुली दिनदर्शिका विकू लागल्या. १९४८ साली परवानाधारक बेकऱ्या २९ होत्या; आज दोनच आहेत.

माझ्या मते या इतिहासाचा खरा सांधा १९३४ ते १९३६ या काळात आहे. तोवर मुलगी स्वतः केलेली वस्तू विकत होती. त्यानंतर ती दुसऱ्याच्या मालाची विक्रेती झाली. पुड्याच्या किमतीतून बेकरीचा खर्च वजा जाता मोठा वाटा विभागीय मंडळाकडे जातो आणि पथकाच्या हाती साधारणतः दहा ते वीस टक्केच पडतात. मंडळे त्यातूनच शिबिरे व प्रशिक्षण चालवितात, त्यामुळे यास लूट म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु दारात उभ्या असलेल्या आठ वर्षांच्या मुलीकडे पाहून पाकीट उघडणाऱ्या गृहस्थास ही वाटणी ठाऊक असते का, हा प्रश्न रास्तच आहे.

दुसरी अडचण पालकांची. मागणीपत्रक घेऊन आई किंवा वडील कचेरीत फिरतात आणि मुलीच्या नावावर शेकडो पुडे जमा होतात. वरिष्ठाच्या मुलीचा पुडा हाताखालच्या माणसाने घेतला, तर ती खुशीची खरेदी मानावी काय? आपल्याकडे १९४९ पासून ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन पाळला जातो. त्यानिमित्त शाळकरी मुलांच्या हाती दिलेल्या छोट्या ध्वजांचे पैसे कितीदा पालकच मुकाट्याने भरतात, हे सरकारी नोकरी केलेल्यांस सांगावयास नको. उद्दिष्ट पूर्ण होते, पण दार ठोठावण्याचा धडा मात्र मुलाला मिळत नाही.

आणि आता दारही पूर्वीचे राहिलेले नाही. उपनगरे वाढली तशी १९५० च्या दशकात ही विक्री बाजारसंकुलांतील टेबलांवर सरकली. पुढे मुलांच्या सुरक्षिततेची चिंता वाढली आणि लहान मुलींबरोबर प्रौढ व्यक्ती असलीच पाहिजे, असा दंडक आला. डिसेंबर २०१४ मध्ये संघटनेने संगणकावरून विक्रीची व्यवस्था जाहीर केली.

ब्रिटनमध्ये मुलांनी वेगळा मार्ग धरला होता. १९४९ पासून तेथे 'बॉब-अ-जॉब' सप्ताह सुरू झाला. बॉब म्हणजे शिलिंग. बालवीराने शेजाऱ्याचे अंगण झाडावे, मोटार धुवावी, बूट पॉलिश करावेत आणि शिलिंग घ्यावा. घरमालकाने 'काम झाले' अशी चिठ्ठी खिडकीत लावावी, म्हणजे दुसरा मुलगा तेथे जात नसे. १९७१ च्या दशमान नाण्यांनी शिलिंग गेला आणि १९९० च्या दशकात परक्या घरी मुले पाठविण्याच्या भीतीने सप्ताहही मागे पडला. आपल्या स्काउट-गाइड पथकांतील 'खरी कमाई' ही याच कुळातील. नाव मात्र मुळाहून सरस आहे, कारण 'खरी' या एका शब्दात मागणे आणि मिळविणे यांतील अंतर आले.

आपल्या परंपरेत मागणे हलके मानलेले नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे. माधुकरी मागून शिकलेल्यांच्या पिढ्या आपल्याच घराण्यांत होऊन गेल्या. पणजीची मुष्टिफंड संस्था घराघरांतून मिळणाऱ्या मूठ-मूठ तांदळावर विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात उभी राहिली. तेथे देणाऱ्यास काय दिले आणि कशासाठी दिले, हे पक्के ठाऊक होते. मुठीत मध्यस्थाचा वाटा नव्हता.

अमेरिकेतील गोष्टीचा अलीकडचा भाग असा की, महामारीमुळे २०२१ च्या हंगामात सुमारे दीड कोटी पुडे पडून राहिले आणि ते खपवावे कोणी, याविषयी मंडळे व पालक यांच्यात कुरबुरी झाल्या. त्याआधी, डिसेंबर २०२० मध्ये, असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने इंडोनेशिया व मलेशियातील पाम तेलाच्या मळ्यांत लहान मुले राबत असल्याचे प्रसिद्ध केले आणि त्या तेलाचा धागा या बिस्किटांपर्यंत आणून पोचविला. पुड्यावरील घटकांची यादी स्वतः वाचून, चौकशी करून, टेनेसी राज्यातील एका शाळकरी मुलीने आपली विक्री थांबविली.