जेरंडिव्ह (लॅटिन व्याकरण)

जेरंडिव्ह : लॅटिनमधील आवश्यकतादर्शक कर्मणी धातुसाधित विशेषण. त्यातील ‘-न्द्-’ प्रत्ययाच्या व्युत्पत्तीविषयी मतभेद आहेत. ऑस्कन व उंब्रियन भाषांत त्याच्या जागी ‘-न्न्-’ आढळतो (→ इटालिक भाषासमूह). ‘-उन्दुस’ हे जुने रूप रोमन कायद्याच्या भाषेत टिकले. प्रांताधिकाऱ्यांनी उकळलेल्या रकमा परत मिळविण्यासाठी इ. स. पू. १४९ मध्ये स्थापलेल्या न्यायालयाच्या ‘रेपेतुन्दे’ या नावात ते दिसते.

हे विशेषण लिंग, वचन व विभक्तीने नामाशी जुळते. त्याला ‘असणे’ या अर्थाचे क्रियापद जोडून आवश्यकता व्यक्त होते : ‘एपिस्तुला मिही स्क्रिबेन्दा एस्त’ (मला पत्र लिहायचे आहे). ‘एपिस्तुला’ स्त्रीलिंगी, म्हणून ‘स्क्रिबेन्दा’. कर्ता चतुर्थीत येतो. नवशिके तेथे हमखास कर्मणी प्रयोगातील ‘आब’ व पंचमी वापरतात. अकर्मक धातूंचा प्रयोग भावे होऊन रूप नपुंसकलिंगी एकवचनी राहते : ‘नोबिस एउन्दुम एस्त’ (आम्हांला जायचे आहे).

मराठी वाचकाला ही रचना परकी नाही. संस्कृतातील ‘तव्य’, ‘अनीय’, ‘य’ हे कृत्य प्रत्यय याच अर्थाचे असून (→ कृदन्त), मराठी ‘-आवा’ हा ‘तव्य’पासून आला आहे. कृत्य प्रत्ययांसह कर्त्याला तृतीया किंवा षष्ठी पाणिनीने विकल्पाने सांगितली आहे (→ अष्टाध्यायी).