लोखंडी देह आणि मोलमपल्लीचा बाबूराव

व्याख्यानमालेचे चालक विषय विचारावयास आले तेव्हा आम्ही बाबूराव शेडमाके यांचे नाव सांगितले. चांदा जिल्ह्यातल्या माणसाने हा विषय घ्यावा, हे त्यांना साहजिकच वाटले. पण लगेच आम्ही 'आणि त्याबरोबर एक जपानी दूरदर्शनमालिका' असे म्हणालो, तेव्हा मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागली. श्रोत्यांनीही थोडा धीर धरावा. आम्हांला जपानी येत नाही. मालिका पाहिली ती घरातल्या एका मुलाच्या मोबाइलवर, आणि त्याने समजावून दिली म्हणून समजली.

'कामेन रायडर देन-ओ' हे त्या मालिकेचे नाव. तिचा पहिला भाग २८ जानेवारी २००७ रोजी जपानात दाखवला गेला. नायक रियोतारो हा कमालीचा दुर्दैवी, दुबळा पोरगा आहे. भविष्यातून आलेला एक देहहीन प्राणी त्याच्या अंगात शिरतो आणि तो दुबळा पोरगा एकदम दांडगाईने लढू लागतो. गंमत पुढेच आहे. या प्राण्यांना स्वतःचे रूप नसते. ज्या माणसाला ते धरतात, त्याच्या मनातल्या गोष्टीतून ते रूप घेतात. रियोतारोच्या मनात मोमोतारोची गोष्ट असते. पीचच्या फळातून जन्मलेला मुलगा कुत्रा, माकड आणि एक रानपक्षी यांना बारीक धान्याचे लाडू देऊन सोबती करतो आणि बेटावरच्या राक्षसांचा पाडाव करतो, ही ती गोष्ट. जपानातल्या प्रत्येक घरात ती सांगितली जाते. तेव्हा त्या प्राण्याला रूप मिळते ते लाल राक्षसाचे, आणि लढताना रियोतारोच्या चेहऱ्यावर जो मुखवटा चढतो, तो दुभंगलेल्या पीचचा! गोष्टीतला शत्रूच नायकाच्या बाजूने लढावयास उभा राहतो. त्या मालिकेत आणखी एक कल्पना आहे. काळ टिकतो तो माणसांच्या आठवणीमुळे, आणि उद्ध्वस्त झालेले आठवणीतून परत उभे राहते. इतिहासाच्या पुस्तकांतून आम्हांला ही गोष्ट इतक्या सरळपणे कोणी सांगितली नव्हती.

तथापि लोककथा ही निरागस वस्तू नव्हे. हाच मोमोतारो महायुद्धात जपानी आरमाराने कामाला जुंपला होता. १९४३ साली त्याच्यावर एक बोलपट निघाला, त्यात हवाईवरचा हल्ला मोमोतारोच्या नावाने दाखवला. १९४५च्या दुसऱ्या बोलपटात तर डोक्यावर शिंग असलेले इंग्रज अधिकारी त्याच्यापुढे शरण येतात. ज्या पोराने लाडू वाटून सोबती जमवले, त्याला सेनापती केला. गोष्ट कोण सांगतो आणि कोणासाठी सांगतो, हे म्हणूनच विचारावे लागते.

आता आपल्या रानात येऊ. अहेरी तालुक्यातल्या किष्टापूर येथे १२ मार्च १८३३ रोजी बाबूराव पुल्लेसूर शेडमाके यांचा जन्म झाला. मोलमपल्लीची जमीनदारी त्यांच्या घराण्याकडे होती. त्यांचे शिक्षण रायपूरला झाले. १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले आणि चांद्यावर इंग्रजांचा अंमल बसला. मार्च १८५८ मध्ये बाबूरावांनी राजगड परगणा घेतला. १३ मार्चला नांदगाव-घोसरी येथे इंग्रजांच्या तुकडीशी त्यांची गाठ पडली. आडपल्ली आणि घोट यांचे जमीनदार व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले. त्यानंतर सगणापूर व बामणपेठ येथे चकमकी झाल्या. २९ एप्रिलला प्राणहितेच्या काठी चिंचगुंडी येथे तारखात्याच्या तळावर छापा घालण्यात आला. त्यात गार्टलँड आणि हॉल हे दोघे मारले गेले, पीटर निसटला. तारेचा खांब म्हणजे हुकूम घोड्याच्या आधी पोहोचवणारा खांब. त्यावर घाव घालणाऱ्याला सत्तेचे वर्म बरोबर कळले होते, असे आम्ही मानतो. डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन याने अखेरीस अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांचे साहाय्य घेतले. सप्टेंबरात त्यांच्या माणसांनी बाबूरावांना पकडून दिले आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. वय अवघे पंचवीस.

एवढा कागदावरचा इतिहास. रानातला इतिहास निराळा आहे. बाबूरावांनी रानातली एक दुर्मीळ वस्तू खाल्ली होती, त्यामुळे त्यांचा देह लोखंडासारखा झाला, असे लोक सांगतात. फासाचा दोर चार वेळा तुटला. शेवटी त्यांना चुन्याच्या हौदात टाकले, तेव्हा कुठे प्राण गेला. रियोतारोच्या अंगात बळ संचारते ते पडद्यावर, बाबूरावांच्या अंगात संचारते ते शेकोटीपाशी. फरक इतकाच की इथे नायकाच्या नावाचा माणूस खरोखरच होऊन गेला आहे.

कामगारांत काम करणाऱ्या आमच्यासारख्याला या लोखंडी देहाची पूर्वी चीड येत असे. एका वर्षी मे महिन्यात तेंदूच्या फळीवर मजुरीसाठी काम बंद पडले होते. सत्तर पानांचे एक पुडके, भाव शेकडा पुडक्यांवर, आणि मोजणीत खराब म्हणून बाजूला काढलेल्या पुडक्यांचे पैसे नाहीत, असा तो झगडा. रात्री एका म्हाताऱ्याने बाबूरावांची गोष्ट लावली. ती संपल्यावर एक तरुण म्हणाला, "तसा आता आपल्यात कोणी नाही ना." आम्ही तिथल्या तिथे भाषण ठोकले. लोखंडी माणसाची वाट पाहू नका, एकी करा, वगैरे. भाषण ठीक झाले असावे. पण एक म्हातारी शांतपणे म्हणाली, "दादा, चार डाव दोर तुटला म्हणजे त्याईले चार डाव मारा लागलं. एका डावात नाही झालं त्याईच्यानं." आम्ही खाली बसलो. सरकारी कागदात फाशी एका ओळीत उरकली आहे. त्या बाईने ती चार वेळा करावयास लावली.

तरीही गोष्टीत काय गळून पडले, ते सांगणे आम्ही टाळणार नाही. सरकारी वृत्तान्तात बाबूरावांबरोबर रोहिले होते, असे स्पष्ट आहे. गोंड आणि रोहिले एका बाजूने लढले. शेकोटीच्या कथेत आम्ही रोहिला क्वचितच ऐकला. लोखंडी देहाला सोबत्यांची गरज उरत नाही, हेच त्या कल्पनेचे मोठे नुकसान होय. मोमोतारोच्या गोष्टीत निदान कुत्रा आणि माकड यांची आठवण राहते, लाडवाचा हिशेबही राहतो.

दुसरे म्हणजे लक्ष्मीबाई. कथेत साऱ्या पराभवाचे खापर या एका बाईच्या माथी फुटते. तिने पकडून दिले हे खरे, आणि बक्षीस म्हणून तिला सदुसष्ट गावे मिळाली हेही खरे. तिची बाजू घेण्याचे आम्हांला कारण नाही. पण बंड करणारे जमीनदार होते आणि बंड मोडणारीही जमीनदारीणच. इंग्रजांनी एका जमीनदाराकडून दुसऱ्याचा काटा काढला आणि गावे तिसऱ्याच्या कष्टावर चालत राहिली. ही पद्धत आम्ही खाणींच्या आणि गिरण्यांच्या फाटकांवर इतक्या वेळा पाहिली आहे की, ती ओळखावयास पुस्तक लागत नाही. बाईला शिव्या देणे सोपे, कारण त्यात पद्धतीचे नाव घ्यावे लागत नाही.

२००९ साली टपालखात्याने बाबूरावांचे तिकीट काढले. चंद्रपूरच्या तुरुंगातल्या पिंपळाजवळ दर २१ ऑक्टोबरला त्यांना अभिवादन होते. गडचिरोली जिल्हा १९८२ साली वेगळा झाला, त्यामुळे आता जन्मगाव एका जिल्ह्यात आणि फासाचे झाड दुसऱ्या जिल्ह्यात आहे. ज्यांना बंडखोर आणि लुटारू म्हटले, त्यांचे तिकीट निघाले ते कागदांच्या बळावर नव्हे. दीडशे वर्षे लोकांनी तो दोर तोडत ठेवला, म्हणून पुढे कोणाला कागद उघडावेसे वाटले. आमच्या चिडीला हे उत्तर आहे, आणि आम्ही ते मान्य करतो.

व्यंकटरावांची हकीकत मात्र राहिली. फितुरीनंतर ते बस्तरकडे निसटले. १८६० साली बस्तरच्या राजाने त्यांना पकडले. जन्मठेप काळ्या पाण्याची झाली आणि जमीनदारी जप्त झाली. लक्ष्मीबाईंना मिळालेली सदुसष्ट गावे आडपल्ली आणि घोट इथली, म्हणजे त्यांचीच. त्यांच्या देहाविषयी आम्हांला फळीवर, शेकोटीपाशी किंवा बाजारात आजवर कोणी काही सांगितलेले नाही. आडपल्लीकडे आम्ही दोनदा मुद्दाम विचारीत गेलो. लोकांनी बसावयास दिले, पाणी दिले, आणि बाबूरावांचीच गोष्ट सांगितली.