शिंपल्यातली नोरी

सुशीभोवती गुंडाळलेला काळपट कागद म्हणजे नोरी, हे रील्समुळे आता सगळ्यांनाच ठाऊक आहे. पण जपानी कोळी तिला 'नशिबाचं गवत' म्हणत, हे वाचलं आणि मी या इतिहासात अडकलो.

एदो काळापासून हे कोळी उथळ समुद्रात बांबू आणि फांद्या रोवत. शरदात त्यांवर आपोआप शेवाळ धरे. थंडीत अख्खं घर ते खुडून, धुऊन, बारीक चिरून चटईवर पातळ पसरायचं आणि उन्हात वाळवायचं. आपल्याकडे साळीचे पापड घालतात, साधारण तसंच. पेरणी मात्र नाही, कारण बी येतं कुठून हेच कुणाला माहीत नव्हतं. उन्हाळ्यात नोरी गायब व्हायची. एखाद्या वर्षी परतली नाही, तर त्या वर्षीची कमाई बुडाली. दुसऱ्या महायुद्धानंतर पीक असंच बसलं.

उत्तर आलं मँचेस्टरहून. कॅथलीन ड्रू यांनी 1928मध्ये लग्न केलं आणि विद्यापीठातली शिकवण्याची नोकरी गेली, कारण विवाहित बाई चालत नसे. (नवराही त्याच विद्यापीठात होता. त्याची नोकरी शाबूत!) तरी बाई तिथेच संशोधन करत राहिल्या, काही काळ बिनपगारी. वेल्समध्येही नोरीच्या जातीचं शेवाळ खातात. त्याचे बीजाणू शिंपल्यात शिरतात आणि तिथे गुलाबी तंतू होऊन वाढतात, हे त्यांना दिसलं. हे तंतू शास्त्रज्ञांना माहीत होते, पण वेगळी वनस्पती म्हणून. 1949मध्ये 'नेचर'मध्ये त्यांचं छोटंसं टिपण आलं.

ते क्यूशू बेटावर पोचलं आणि कुमामोतोच्या फुसाओ ओता यांनी त्यावरून बी धरण्याची रीत बसवली. उन्हाळाभर कालवांचे शिंपले टाक्यांत टांगायचे. पाणी गार झालं की त्यांतून सुटणारे बीजाणू जाळ्यांवर घ्यायचे आणि जाळी समुद्रात लावायची. नशिबाच्या गवताची शेती झाली ती अशी.

ड्रू 1957मध्ये गेल्या. जपान त्यांनी कधीच पाहिला नाही. 1963मध्ये नोरीवाल्यांनी वर्गणी काढून आरियाके समुद्राकाठी, उतोमध्ये त्यांचं स्मारक उभारलं. दर 14 एप्रिलला तिथे त्यांचा स्मृतिसोहळा होतो.

त्याच तारखेला, 1997मध्ये, आरियाकेतला इसाहाया उपसागर शेतजमिनीसाठी बंद केला गेला. 293 पोलादी पत्रे एकापाठोपाठ एक पाण्यात पडले. 2000-01च्या हंगामात नोरीचा रंग उडाला. कोळ्यांनी बांधाकडे बोट दाखवलं, होड्या घेऊन निदर्शनं केली, वर्षानुवर्षं कोर्टात भांडले. बांधाचे दरवाजे अजून बंदच आहेत.