पाळीव शॅमेलिऑन

पाळीव शॅमेलिऑन म्हणजे कॅमिलिओनिडी कुलातील सरड्यांच्या काही मोजक्या जातींचे घरगुती संगोपन. या कुलात २०० हून अधिक जाती असून त्यांपैकी जवळजवळ निम्म्या एकट्या मादागास्कर बेटावर आढळतात. भारतात या कुलातील एकच जाती आहे. तिला मराठीत सरडगुहिरा किंवा घोयरा म्हणतात. ती वन्यजीव कायद्याने संरक्षित असल्याने पाळता येत नाही. त्यामुळे महाराष्ट्रात पाळीव शॅमेलिऑन म्हणजे बंदिवासात पैदा झालेला आणि कायद्याने नोंदलेला परदेशी प्राणी, एवढाच अर्थ उरतो.

ओळख

सरडगुहिऱ्याचे शास्त्रीय नाव कॅमिलिओ झेलॅनिकस असून १७६८ मध्ये लॉरेंटी याने ते दिले. कुंपणावर दिसणारा नेहमीचा सरडा वेगळ्या कुलातील आहे; मराठी वाक्प्रचारांतला ‘रंग बदलणारा’ सरडा बहुधा तोच. शॅमेलिऑनचे डोळे एकमेकांपासून स्वतंत्रपणे फिरतात, पायाची बोटे दोन आणि तीन अशा गटांत जुळलेली असल्याने फांदी चिमट्यासारखी पकडता येते, शेपटीचे वेटोळे होते आणि जीभ शरीराच्या लांबीइतकी किंवा त्याहूनही लांब फेकली जाते. भोवतालाशी मिळून जाण्यासाठीच तो रंग बदलतो, हा समज अपुरा आहे. तापमान, प्रकाश, भीती आणि दुसऱ्या शॅमेलिऑनची उपस्थिती यांवर रंग अवलंबून असतो. जिनिव्हा विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये पँथर शॅमेलिऑनच्या त्वचेतील ग्वानीनच्या सूक्ष्म स्फटिकांमधील अंतर बदलल्याने रंग बदलतो, असे दाखवून दिले. पाळणाऱ्याच्या दृष्टीने याचा उपयोग असा, की सतत काळपट दिसणारा प्राणी बहुधा थंडीने, भीतीने किंवा आजाराने त्रस्त असतो.

कायदेशीर स्थिती

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार सरडगुहिरा पकडणे, बाळगणे, विकणे किंवा मारणे हा गुन्हा आहे. शेतात सापडला, मुलांनी आणला, जखमी होता म्हणून ठेवून घेतला, यांपैकी कोणतेही कारण त्याला घरी ठेवण्याचा परवाना ठरत नाही.

परदेशी जातींची स्थिती निराळी आहे. त्यांतील बहुतेक जाती सायटीस या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने जून २०२० मध्ये परदेशी प्राणी बाळगणाऱ्यांसाठी स्वेच्छेने माहिती देण्याची सवलत जाहीर केली होती. २०२२ च्या दुरुस्तीने कायद्यात सायटीससंबंधी स्वतंत्र प्रकरण आले, १ एप्रिल २०२३ पासून ती दुरुस्ती लागू झाली आणि २०२४ च्या नियमांनी परिवेश संकेतस्थळावरील नोंदणी बंधनकारक केली. पिलांचा जन्म, प्राण्याचा मृत्यू आणि हस्तांतरणही कळवावे लागते. विक्रेता कागदपत्रे ‘नंतर देतो’ म्हणत असेल, तर तो व्यवहार तेथेच थांबवणे योग्य.

जातीची व प्राण्याची निवड

नवशिक्यांसाठी येमेन व नैऋत्य सौदी अरेबियातील व्हेल्ड शॅमेलिऑन ही जाती सर्वाधिक सुचवली जाते. डोक्यावर उंच तुरा असलेला हा प्राणी उष्णतेतील चढउतार इतरांपेक्षा बरे सोसतो. मादागास्करचा पँथर शॅमेलिऑन अधिक रंगीत व महाग असतो. पूर्व आफ्रिकेतील डोंगराळ भागाचा, नराच्या डोक्यावर तीन शिंगे असलेला जॅक्सन शॅमेलिऑन थंड, दमट रात्रींना सरावलेला असल्याने मराठवाड्यासारख्या प्रदेशात तो घेऊच नये.

पहिल्यांदा पाळणाऱ्याने शक्यतो नर घ्यावा. मादी नराशी संबंध न येताही अंडी धरते. ती घालण्यासाठी ओलसर मातीचे खोल भांडे न मिळाल्यास अंडी पोटात अडकून ती दगावू शकते. निरोगी प्राण्याचे डोळे दिवसा उघडे व फुगीर असतात आणि पाय सरळ असतात. खोल गेलेले डोळे निर्जलीकरणाचे, वाकडे पाय व मऊ जबडा हाडांच्या विकाराचे लक्षण होय. स्वस्तात मिळतो म्हणून असा प्राणी घेणे जवळजवळ नेहमीच महागात पडते. दोन शॅमेलिऑन एका पिंजऱ्यात ठेवू नयेत. एकमेकांच्या नुसत्या दर्शनानेही ते तणावात राहतात.

निवारा

शॅमेलिऑनला रुंदीपेक्षा उंची हवी. व्हेल्ड जातीच्या प्रौढ नरासाठी साधारण ६० × ६० × १२० सेंटिमीटरचा जाळीचा पिंजरा लागतो. काचेच्या माशांच्या टाकीत हवा कोंडते आणि काचेतील स्वतःचे प्रतिबिंब त्याला प्रतिस्पर्धी वाटते. आत वेगवेगळ्या जाडीच्या आडव्या फांद्या आणि लपण्यापुरती दाट पाने असावीत. जास्वंद आणि मनी प्लांट ही झाडे सहज मिळतात व टिकतात. मात्र त्यांवर कीटकनाशक मारलेले नसावे. पिंजरा माणसाच्या नजरेपेक्षा थोडा उंच ठेवल्यास प्राणी निवांत राहतो.

दिवसाचे सुमारे १२ तास अतिनील-बी किरण देणारा दिवा आवश्यक असतो. खिडकीच्या काचेतून येणारे ऊन त्याची जागा घेऊ शकत नाही, कारण काच हे किरण अडवते. ऊब घेण्याच्या फांदीवर सुमारे २९ ते ३२ अंश सेल्सिअस, खाली त्याहून कमी आणि रात्री आणखी थंड अशी तापमानाची उतरंड हवी.

परदेशी मार्गदर्शक पुस्तके ऊब कशी द्यावी यावर भर देतात. जालना जिल्ह्यात अंबड तालुक्यात गोदावरीकाठी असलेल्या शहागडसारख्या गावी प्रश्न बरोबर उलटा असतो. मे महिन्यात जिल्ह्याचे तापमान ४० अंशांच्या वर जाते. पत्र्याच्या छताखालच्या खोलीत ते अधिकच असते, आणि नेमक्या त्याच काळात वीज गेली तर पंखा व कूलर दोन्ही बंद पडतात. अशा वेळी उबेचा दिवा बंद ठेवावा, पिंजरा जाड भिंतींच्या तळमजल्यावरील खोलीत हलवावा आणि पाने वारंवार ओली करावीत. तोंड उघडे ठेवून फिकट पडलेला प्राणी उष्माघाताच्या वाटेवर असतो. उन्हाळाभर खोली थंड ठेवण्याची सोय नसेल, तर हा प्राणी न घेणेच इष्ट.

पाणी व आहार

शॅमेलिऑन वाटीतले पाणी सहसा पीत नाही. पानांवरचे थेंब टिपतो. म्हणून सकाळ-संध्याकाळ पाण्याचा फवारा आणि पिंजऱ्यावर बारीक छिद्राची थेंब टाकणारी बाटली वापरतात. पाणी खाली साचू देऊ नये.

रातकिडे व खास वाढवलेली झुरळे हा मुख्य आहार. किड्यांना आधी एक दिवस पालेभाज्या, गाजर असे सकस खाद्य द्यावे व देताना त्यांवर कॅल्शियमची भुकटी लावावी. शेतातून पकडलेले नाकतोडे फुकट मिळतात, परंतु कापूस, तूर किंवा ऊस पिकणाऱ्या भागात त्यांच्या अंगी फवारणीचे विष असण्याची शक्यता असल्याने ते टाळावेत. कॅल्शियम आणि अतिनील किरण कमी पडल्यास माणसातील मुडदुसासारखा विकार होऊन हाडे वाकतात. पिलांत हे काही आठवड्यांतच घडते. सरीसृपांवर उपचार करणारे पशुवैद्य मुख्यतः मोठ्या शहरांतच असतात, म्हणून प्राणी आणण्यापूर्वीच त्यांचा शोध घ्यावा. शॅमेलिऑन हाताळणे त्याला आवडत नाही. तो पाहण्याचा प्राणी आहे, कुरवाळण्याचा नव्हे.

सरडगुहिरा आढळल्यास

दख्खनच्या कोरड्या प्रदेशातील बोर-बाभळीची झुडपे व बांधावरची झाडी हे सरडगुहिऱ्याचे घर. ग्रामीण भागात तो विषारी समजून मारला जातो. प्रत्यक्षात तो बिनविषारी असून शेतातील कीटकच खातो. अंडी घालण्यासाठी मादी झाडावरून उतरून जमीन उकरते. त्या काळात ती कुत्र्यांच्या आणि वाहनांच्या तावडीत सापडते. धुळे–सोलापूर महामार्ग शहागडवरूनच जातो, आणि संथ, डुलत चालणाऱ्या या प्राण्याला असा रुंद रस्ता ओलांडायला बराच वेळ लागतो. तो रस्त्यावर दिसल्यास लांब काठीवर चढवून, तो ज्या दिशेने निघाला होता त्याच बाजूच्या झुडपात सोडावा. जखमी असल्यास छिद्रे पाडलेल्या खोक्यात सावलीत ठेवून वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. त्याला बळेच पाणी पाजू नये, काही भरवू नये.