जेनिफर हेल

जेनिफर हेल या कॅनडात जन्मलेल्या अमेरिकन अभिनेत्री व गायिका असून व्हिडिओ गेममधील वाचिक अभिनयासाठी विशेष प्रसिद्ध आहेत. ‘मास इफेक्ट’ या खेळमालिकेतील कमांडर शेपर्ड (स्त्री-रूप) ही त्यांची सर्वांत गाजलेली भूमिका होय. व्हिडिओ गेममध्ये सर्वाधिक काम केलेली स्त्री आवाज-कलाकार म्हणून २०१३ मध्ये गिनीज वर्ल्ड रेकॉर्ड्सने त्यांची नोंद घेतली.

प्रारंभीचे जीवन

हेल यांचा जन्म कॅनडाच्या लॅब्रडॉर प्रदेशातील हॅपी व्हॅली-गूज बे येथे झाला. त्यांचे बालपण मुख्यतः अमेरिकेच्या दक्षिण भागात गेले. ॲलाबामा राज्यातील ॲलाबामा स्कूल ऑफ फाइन आर्ट्स या कलाशाळेत व पुढे बर्मिंगहॅम-सदर्न महाविद्यालयात त्यांनी शिक्षण घेतले. विद्यार्थिदशेतच त्या रेडिओवरील जाहिरातींना आवाज देऊ लागल्या. पुढे अभिनयासाठी त्यांनी लॉस एंजेलिस गाठले.

कारकीर्द

‘व्हेअर ऑन अर्थ इज कार्मेन सँडिएगो?’ (१९९४–९९) या चित्रमालिकेतील आयव्ही या पात्रामुळे हेल यांचा आवाज घरोघरी पोहोचला. त्याच काळात ‘स्पायडर-मॅन’ या चित्रमालिकेत त्यांनी फेलिशिया हार्डी हे पात्र रंगवले. पुढे डिस्नेच्या सिंड्रेला या व्यक्तिरेखेलाही त्या आवाज देत आल्या आहेत.

नव्वदच्या दशकात सीडी-रॉमचा प्रसार झाला आणि खेळांत ध्वनिमुद्रित संवाद साठवण्यास पुरेशी जागा मिळाली. तोवर पडद्यावर अक्षरांत उमटणारे संवाद आता ऐकू येऊ लागले. हेल यांचा या क्षेत्रातील प्रवेश याच संक्रमणकाळातला आहे. ‘मेटल गिअर सॉलिड’ (१९९८) मधील डॉ. नाओमी हंटर, ‘बाल्डर्स गेट’ (१९९८) मधील डायनाहेर आणि ‘प्लेनस्केप: टॉर्मेंट’ (१९९९) मधील दोन स्वतंत्र स्त्री-पात्रे या त्यांच्या सुरुवातीच्या उल्लेखनीय भूमिका होत. ‘स्टार वॉर्स: नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक’ (२००३) या खेळात त्यांनी बॅस्टिला शान ही महत्त्वाची सहभूमिका केली. या खेळातील मुख्य पात्र मात्र मूक होते. त्याची उत्तरे खेळाडूने पडद्यावर वाचून निवडायची असत.

मास इफेक्ट

बायोवेअर या कॅनडातील कंपनीने २००७ मध्ये आणलेल्या ‘मास इफेक्ट’मध्ये ही रीत बदलली. येथे नायकाला पूर्ण आवाज देण्यात आला. खेळाडू कमांडर शेपर्डला पुरुष किंवा स्त्री यांपैकी कोणतेही रूप देऊ शकतो. त्यामुळे संपूर्ण भूमिका दोनदा ध्वनिमुद्रित झाली. पुरुष शेपर्डला मार्क मीर यांनी, तर स्त्री शेपर्डला हेल यांनी आवाज दिला. दोघांचे संवाद बहुतांशी सारखेच होते. सेनाधिकाऱ्याचे करडे शब्द स्त्रीसाठी मवाळ न करता तसेच ठेवले गेले, हे या व्यक्तिरेखेचे वेगळेपण मानले जाते.

मालिकेच्या पहिल्या दोन भागांच्या वेष्टनांवर व जाहिरातींत मात्र पुरुष शेपर्डच झळकत असे. २०११ मध्ये कंपनीने दिलेल्या माहितीनुसार स्त्री शेपर्ड निवडणाऱ्या खेळाडूंचे प्रमाण सुमारे १८ टक्के होते. चाहत्यांच्या आग्रहामुळे तिसऱ्या भागाच्या (२०१२) प्रसिद्धीत तिला स्थान मिळाले. तिचे रूप चाहत्यांच्या मतदानाने ठरले आणि उलटवता येणाऱ्या वेष्टनाच्या एका बाजूवर तिचे चित्र छापले गेले. २०२१ मध्ये तिन्ही भागांची सुधारित आवृत्ती निघाली, तेव्हा हे प्रमाण सुमारे ३२ टक्क्यांवर गेल्याचे कंपनीने जाहीर केले.

कामाचे स्वरूप

भारतीय नाट्यशास्त्रात अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार सांगितले आहेत. नभोनाट्याप्रमाणे येथेही बहुतांश भार वाचिक अभिनयावर असतो. परंतु नभोनाट्यातील सलगता येथे नसते. कलाकार बहुधा ध्वनिमुद्रण कक्षात एकटाच असतो. समोरच्या पात्राचे उत्तर त्याला ऐकू येईलच असे नाही. खेळाडूच्या निवडीनुसार कथेला फाटे फुटत असल्यामुळे एकाच प्रसंगाचे सौम्य, तटस्थ आणि कठोर असे वेगवेगळे संवाद लागोपाठ बोलावे लागतात, आणि तरीही पात्र एकच वाटले पाहिजे. याशिवाय लढाईतील आरोळ्या, वेदनेचे हुंकार, मरतानाचे चीत्कार असे आवाज दीर्घकाळ काढावे लागतात. त्यामुळे स्वरयंत्राला इजा होण्याचा धोका असतो.

मानधन व हक्कांचे प्रश्न

खेळाची विक्री कितीही झाली तरी कलाकाराला सामान्यतः ध्वनिमुद्रणाच्या सत्रांपुरतेच मानधन मिळते. या प्रश्नासह स्वरावरील ताण व कामाबाबतची गोपनीयता या मुद्द्यांवर सॅग-आफ्ट्रा या अमेरिकन कलाकार संघटनेने २१ ऑक्टोबर २०१६ रोजी संप पुकारला. हेल यांनी त्याला जाहीर पाठिंबा दिला. सप्टेंबर २०१७ मध्ये तडजोड झाली. तीत सत्रांच्या संख्येनुसार अधिक रक्कम देण्याचे ठरले; विक्रीतील वाटा मात्र मिळाला नाही.

‘बेयोनेटा ३’ (२०२२) मध्ये मुख्य भूमिका हेलेना टेलर यांच्याऐवजी हेल यांच्याकडे आली. देऊ केलेले मानधन अपुरे असल्याचे सांगून टेलर यांनी खेळावर बहिष्काराचे आवाहन केले; या रकमेविषयी पुढे माध्यमांत वेगळी माहितीही प्रसिद्ध झाली. गोपनीयतेच्या करारामुळे आपणास तपशिलावर बोलता येत नाही, असे हेल यांनी निवेदनात म्हटले. कलाकारांना योग्य मोबदला मिळावा या मागणीचे समर्थन करतानाच, खेळामागे अनेकांचे श्रम असल्याचे त्यांनी निदर्शनास आणले.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने कलाकाराच्या आवाजाची प्रतिकृती तयार करणे शक्य झाल्यावर हा प्रश्न अधिक गंभीर झाला. संमती व मोबदल्याशिवाय अशी प्रतिकृती वापरली जाऊ नये, या मागणीसाठी २६ जुलै २०२४ पासून पुन्हा संप झाला. हा प्रश्न केवळ कलाकारांचा नसून इतर व्यवसायांनाही भिडणारा आहे, अशी भूमिका हेल यांनी मांडली. जून २०२५ मध्ये संप स्थगित झाला. सदस्यांनी जुलैमध्ये मंजूर केलेल्या करारात संमती व पूर्वसूचनेच्या तरतुदींचा समावेश आहे.

सन्मान

‘द न्यू यॉर्कर’ या साप्ताहिकाने २०११ मध्ये हेल यांच्यावर विस्तृत लेख प्रसिद्ध केला. ‘रॅचेट अँड क्लँक: रिफ्ट अपार्ट’ (२०२१) मधील रिव्हेट या भूमिकेसाठी २०२२ च्या बाफ्टा गेम्स पुरस्कारांत प्रमुख भूमिकेच्या गटात त्यांना नामांकन मिळाले.

इतर निवडक भूमिका

* २००२ – मेट्रॉइड प्राइम (सॅमस ॲरन)
* २०१२ – डायब्लो ३ (लिया)
* २०१३ – बायोशॉक इन्फिनिट (रोझलिंड ल्युटेस)
* २०१८ – ओव्हरवॉच (ॲश)
* २०२४ – एक्स-मेन ’९७, चित्रमालिका (जीन ग्रे)